दारात रांगोळी नसेल तर

तिच्यावर कोणी म्हणजे कोणीच विश्वास ठेवला नाही. ती पहिल्यांदा म्हणाली, "मी पाखरांकडून धंदा करून घेईन," तेव्हा गाव हसलं. धंदा वाढला तेव्हा गाव म्हणालं, "त्यात हिचं काय? राबतात ती पाखरं." आणि बिघडलं तेव्हा तेच गाव म्हणालं, "हिनंच केलं!" बाईनं नवं काही काढलं की हे असंच होतं. चालतंय तोवर ते पाखरांचं, मोडलं की बाईचं. म्हणून मी ही गोष्ट पहिल्यापासून सांगते. लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी मधे तोंड घालू नका.

खूप जुनी गोष्ट. तेव्हा नदी आजच्यापेक्षा रुंद होती आणि माणसं आजच्याइतकीच अरुंद. नदीकाठी एक गाव होतं, गावाभोवती वाड्या होत्या आणि गावात एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती वाडीवाडी फिरायची. कुणाचा हात केवढा, कुणाची मुलगी लग्नाला आली, कुणाच्या सुनेला सातवा महिना लागला, सगळं तिला पाठ.

पण पाय दोनच. दहा दारं हिंडावीत तर आठ ठिकाणी "आत्ता नको गं," आणि जिथं खरंच हवं असायचं तिथं ती पोचेपर्यंत दुसराच कोणी बांगड्या भरून गेलेला. संध्याकाळी पाय सुजायचे आणि टोपली भरलेलीच परत यायची.

एक दिवस तिनं अंगणातल्या मैनेकडं पाहिलं. ती मैना शेजारणीच्या आवाजात शेजारणीच्या सुनेला शिव्या देत होती, अगदी हुबेहूब. कासारीण जागीच थांबली. म्हणाली, "शिव्या फुकट वाटतेस, तर माझा निरोप का नाही नेणार?"

तिनं मैना पाळल्या. एकेकीला एकेक वाडी दिली आणि एकेक वाक्य दिलं. नागपंचमीची मैना वेगळी, संक्रांतीची वेगळी. लग्नघरची मैना म्हणायची, "चुडा भरा, वहिनी, चुडा भरा!" सातव्या महिन्यात जिथं हिरव्या बांगड्या भरल्या, तिथं दिवस भरल्यावर सगळ्यात धाकटी मैना जायची आणि म्हणायची, "बाळ आलं! बाळ आलं! काळ्या मण्यांच्या मनगट्या घ्या!"

ज्या बाईला बांगड्या हव्या, तिनं आपल्या लुगड्याचा एक दोरा मैनेच्या पायात अडकवायचा. मैना परत आली की कासारीण दोरा बघायची, लुगडं कुणाचं ते ओळखायची आणि नेमक्या त्या रंगाच्या बांगड्या घेऊन नेमक्या त्याच दारी जायची. मोकळी फेरी बंद. पाय वाचले, वेळ वाचला, आणि बायका खूश, कारण न सांगता लुगड्याला शोभणाऱ्या बांगड्या घरी यायला लागल्या.

दोन गोष्टी मात्र तिनं मैनांना बोलण्याच्याही आधी शिकवल्या. एक, दारी दोनदा बोलायचं, तिसऱ्यांदा नाही. ती म्हणायची, "तिसऱ्यांदा हाक मारली की गिऱ्हाईक वैरी होतं." आणि दुसरी, उंबऱ्यापुढं रांगोळी नसेल तर चोच उघडायची नाही. गप्प परत यायचं.

का, ते मोठ्यांना माहीत आहे, लहानांसाठी सांगते. ज्या घरात दुःख झालं, त्या घराच्या दारात रांगोळी पडत नाही.

हे शिकवायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले. आपल्याच दारात रांगोळी काढायची, मैना बोलली की भिजवलेला हरभरा द्यायचा. रांगोळी पुसायची, मैना गप्प राहिली तरच हरभरा द्यायचा.

तिचा नवरा ओट्यावर बसून हे बघायचा. त्याला तंबाखूची सवय. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचा, खॅक् खॅक्, की समजायचं स्वारी आता बोलणार.

"खॅक् खॅक्. अगं, मुकं राहिल्याबद्दल दाणे देतेस? आणि एखादीची सून उशिरा उठली, रांगोळी राहिली, तर ते गिऱ्हाईक सोडायचं?"

"उद्या जाईल मैना."

"आणि उद्याही नसली तर?"

"तर मी जाईन. टोपली घरी ठेवून."

"टोपलीशिवाय? मग विकणार काय? आसवं?"

"विकायला नाही हो जाणार. बसायला जाणार," ती म्हणाली आणि आत गेली.

अशी वर्षं गेली. धंदा असा वाढला की संक्रांतीला वाड्यावाड्यांतल्या पोरी झाडाकडं बघत उभ्या राहायच्या, मैना कधी येते म्हणून. नवराही ताठ मानेनं फिरायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आमच्या मैना." आमच्या!

मग एका वर्षी संक्रांतीच्या तोंडावर कासारणीला माहेरी जावं लागलं. भाऊ तापानं अंथरुणाला खिळला होता. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "सकाळी पिंजरे उघडा, संध्याकाळी दाणा घाला. बाकी काही करू नका. त्यांचं त्यांना सगळं कळतं."

काही करू नका, एवढंच तर सांगितलं होतं. पण जो वर्षभर काही करत नाही, त्याला नेमकं तेव्हाच करावंसं वाटतं.

नवऱ्यानं शहरातून दुप्पट बांगड्या भरून आणल्या. म्हटलं, बायको येईपर्यंत सगळ्या खपवून दाखवतो. पहिल्याच दिवशी काही मैना दोऱ्याशिवाय परत आल्या. त्याला वाटलं, आळशी झाल्या. त्यानं काय करावं? आपल्याच दारातली रांगोळी पायानं पुसली, हरभऱ्याची वाटी पुढं धरली आणि मैनांना दटावलं. सकाळ-संध्याकाळ तेच. जी बोलली तिला दाणा, जी पुन्हापुन्हा बोलली तिला मूठभर, जी गप्प राहिली ती उपाशी. बायकोला जे शिकवायला महिने लागले, ते यानं चार दिवसांत मोडलं. मोडायला अक्कल लागत नाही, भूक पुरते.

आणि खरं सांगते, त्यानंतरचे पहिले दोन दिवस दोरे जास्त आले. नवरा मिशीत हसला.

तिसऱ्या दिवशी धाकटी मैना लोहाराच्या घरी गेली.

त्या घरातल्या सुनेला कासारणीनंच सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. बाळ झालं, पण ते रडलंच नाही. त्या दिवसापासून दारात रांगोळी नव्हती. भाता बंद होता. सून भिंतीकडं तोंड करून पडली होती, आणि घरातला कोणी त्या बाळाचं नाव काढत नव्हता.

मैना उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बाळ आलं! बाळ आलं! काळ्या मण्यांच्या मनगट्या घ्या!"

सासू धावत बाहेर आली. मैना उडाली, पन्हाळीवर बसली, पुन्हा तेच बोलली. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा. आत सुनेनं दोन्ही हात भिंतीवर आपटले. हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला, मनगटं रक्तानं भरली.

लोहारानं मैनेला जाळं टाकून धरलं आणि पिंजऱ्यात कोंडलं. सासूनं तो चुरा पदरात बांधला. दुसऱ्या दिवशी कासारीण माहेराहून गावाच्या वेशीत शिरली, तेव्हा सगळं गाव पारावर तिचीच वाट बघत होतं.

पाटलांनी सांगितलं, "कासारणी, आजपासून एकही वाडी तुझ्या हातून बांगडी भरणार नाही. पाखरांच्या माना मुरगाळू. आणि तू तुझी टोपली नदीत सोडून दे."

सासूनं पदर सोडून काचेचा चुरा तिच्या पायाशी ओतला. "घे. हे तुझ्या धंद्याचं फळ."

कासारीण तो चुरा बघून खाली बसली. तिला सगळं समजलं, सांगायची गरज पडली नाही. पण ती म्हणाली, "माझ्या मैना रांगोळी नसलेल्या दारात बोलत नाहीत. मी शिकवलंय त्यांना."

"खोटं!" कोणीतरी ओरडलं. "पाखराला रांगोळी कळते होय!"

"आम्ही पहिल्यापासून सांगत होतो," दुसरा म्हणाला. त्यानं पहिल्यापासून काहीही सांगितलं नव्हतं. संक्रांतीला त्याच्याच घरून सगळ्यात जास्त दोरे यायचे.

पाटलांनी नवऱ्याकडं पाहिलं. "काय हो, तुम्ही घरी होता. तुम्हाला काही माहीत?"

तो मागं सरकला. "मला पाखरांतलं काय कळतंय, पाटील? तो सगळा हिचा खेळ."

ऐकलंत? आता "आमच्या मैना" नव्हत्या.

लोहारानं पिंजऱ्यात हात घातला. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. त्याची सून येत होती, मनगटाला फडकी बांधलेली, भिंत धरत, झाड धरत. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा उंबरा ओलांडून आली होती आणि पहिल्यांदाच बोलली.

"मामंजी, तिला मारू नका. माझं बाळ आलं होतं. तुम्ही सगळे असे वागलात की जणू आलंच नाही. या पाखरानं तरी म्हटलं, बाळ आलं." तिनं श्वास घेतला. "पण ज्यानं हिला पाठवलं, त्यानं माझं दार बघितलं नाही. तो कोण, ते मला पाहिजे."

सासूनं तोंडाला पदर लावला.

कासारीण उठली. तिनं पिंजरा रिकाम्या मातीवर ठेवला, जिथं रांगोळीची रेघही नव्हती. ओटीतून माहेरचा हरभरा काढला आणि दाणा मैनेपुढं धरला. "बोल बाई. मी नसताना काय शिकलीस?"

मैनेनं दाण्याकडं पाहिलं, मातीकडं पाहिलं. मग मान फुगवून ती पुरुषी आवाजात बोलली:

"खॅक् खॅक्! रांगोळी गेली चुलीत! बोल गं, बोल! दाणा पाहिजे ना?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण तो खाकरा सगळ्या वाड्यांना ठाऊक होता. एकेक मान मागं वळली. नवरा वहाणा शोधत होता.

पाटील म्हणाले, "आम्हाला समजलं. पण न्यायाच्या जागी नाव लागतं. कासारणी, नाव घे."

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, मेल्या तरी. घेतलंच तर उखाण्यात, लाजत, मंगलकार्यात. गावाला वाटलं, ही काही नाव घेणार नाही. नवऱ्यालाही तेच वाटलं. तेवढ्या आशेवर तो उभा होता.

तिनं पदर खोचला, मान वर केली आणि भर पारावर उखाणा घेतला. तो मी शेवटी सांगते. आधी पुढं काय झालं ते ऐका.

मैना वाचल्या. टोपली वाचली. शिक्षा अशी झाली की वर्षभर नवऱ्यानं बायकोच्या मागून टोपली वाहायची, प्रत्येक दारी आधी उंबरा बघायचा आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. आलेल्या दुप्पट बांगड्या वाडीवाडीच्या लेकींना फुकट भरल्या, त्याही त्यानंच वाहिल्या.

कासारणीनं मैनांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. यावेळी लोहाराची सून रोज येऊन बसायची आणि उंबऱ्यावर रांगोळी काढायची, पुसायची, काढायची. जिच्या दारी चूक झाली, तिनंच तपासून सांगितलं तेव्हाच मैना सुटल्या. मग धंदा असा चालला की नदीपलीकडचे कासार शिकायला यायचे. आणि कासारीण प्रत्येकाला विचारायची, "तुमचं पाखरू कुठं बोलतं ते नका सांगू. कुठं गप्प बसतं, ते सांगा."

बोध एका ओळीत सांगते, पोरांनो, पाठ करा: आपल्या जागी ज्याला कामाला लावाल, त्याला थांबायचं कुठं ते आधी शिकवा, कारण बोलतं पाखरू, पण दोष शिकवणाऱ्याचा.

आणि तो उखाणा? त्या वाड्यांत लग्नघरी अजून म्हणतात, आणि नवरे अजून खाली बघतात:

"दारी नाही रांगोळी, तिथं बोलायला मैना नव्हती राजी,
तिच्या चोचीत शब्द कोंबणारे माझेच धनी, सटवाजी!"