पायाळू आनसा आणि हिवरदरीची शीव

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा बालाघाटाच्या डोंगरात माणसांपेक्षा वाघ जास्त होते, आणि एकटा वाटेला लागलेल्या माणसाला घरचे आधीच रडून घेत. त्या डोंगराच्या अगदी कडेला हिवरदरी नावाचं गाव होतं. पुढं उघडा माळ, पाठीशी खोल दरी. गावात साळ्यांची घरं होती, दिवसभर मागांची खटखट चाले, आणि त्यातल्याच एका घरात आनसा जन्मली.

ती जन्मली पायांकडून. आधी पाय आले, मग डोकं. अशा लेकराला पायाळू म्हणतात. सुइणीनं तिला पुसून आईच्या कुशीत दिलं आणि म्हणाली, "बाई, हिला जप. पायाळूवर विजेचा डोळा असतो. आभाळ भरून आलं की हिला बाहेर सोडू नकोस." म्हणून ढग दिसला की आनसाला माजघरात कोंडत. पुढं पुढं ढग नसला तरी कोंडायला लागले. पोर मोठी होत होती ना!

आनसा बापाशेजारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे. हात असा चाले, की सुतातून ये-जा करणारा धोटा दिसत नसे. पण त्या खड्ड्यात तिच्या पायांना मुंग्या येत. एकदा बाप कापड घेऊन बाजाराला निघाला, तेव्हा हट्टानं बरोबर गेली. परत आली, ती सारखी वाटेकडं बघत राही. मग एक दिवस आईला म्हणाली, "आई, बाजाराच्या पुढं काय असतं?"

"दुसरं गाव."

"आणि त्याच्या पुढं?"

आईनं चुलीत लाकूड सारलं. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला, असं म्हणतात.

आईबाप गेले. थोरला भाऊ येमाजी कर्ता झाला. येमाजी वाईट नव्हता. त्यानं बहिणीसाठी चांगलं स्थळ पाहिलं. शांत मुलगा, खातंपितं घर. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी आनसा त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"दादा, मुलात खोट नाही. पण मला कुणाच्याच घरी जायचं नाही. मला चालत राहायचंय."

"चालत? कुठं?"

"ते ठाऊक असतं, तर एकदा जाऊन परत आले असते."

येमाजीनं कपाळाला हात लावला. गोष्ट घरात राहिली नाही. दुसऱ्या दिवशी पारावर पंच बसले. मधोमध सटवाजी पाटील. पाटील करड्या मिशीचा, एकवचनी माणूस. त्यानं आधी गोडीनं घेतलं.

"पोरी, जोगीण व्हायचंय का? मग माळ घाल, भगवं नेस. आम्ही तुझ्या पाया पडू."

"नाही पाटील. मी देव शोधायला निघाले नाही."

"मग कशाला निघालीस?"

"बघायला."

सगळा पार हादरला. देवासाठी घर सोडलेलं लोकांनी ऐकलं होतं, दु:खानं सोडलेलं ऐकलं होतं. नुसतं बघायला? आणि बाईनं? एकटीनं? बायांनी पदर तोंडाला लावले. पाटील उठून उभा राहिला.

"ऐक तर मग. शीव ओलांडलीस की या गावाला तू मेलीस. तुला इथं कुणी पाणी देणार नाही, विस्तव देणार नाही, हाकेला ओ देणार नाही."

आनसानं पाटलाला हात जोडले आणि ती निघाली. खांद्यावर स्वतः विणलेलं एक कांबळं, दुसरं काही नाही.

शिवेवर ओढा होता, तो पुढं दरीत पडे. ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, काठी घेऊन येमाजी उभा होता. आणि वर आभाळ काळं होत चाललं होतं.

"मागं फीर, आनसे."

"बाजूला हो, दादा."

"वर बघ! वीज धरील तुला."

"धरू दे. पण चालताना धरू दे."

येमाजीनं काठी उगारली. त्याला वाटलं, ती मागं सरेल. ती सरली नाही. काठी तिच्या खांद्यावर बसली. आवाज झाला तसा येमाजीच जास्त घाबरला. आनसा खाली बसली नाही, रडली नाही. ती त्याच्या बाजूनं पाणी कापत पलीकडं गेली. येमाजी भिजत तिथंच उभा राहिला. त्यानं काठी ओढ्यात टाकली, आणि जन्मभर पुन्हा काठी हातात धरली नाही, असं म्हणतात.

मग वर्षं गेली. आनसाचं नाव गावात कुणी घेत नसे, पण ते बाहेरून येतच राही. मिठाचे बैल घेऊन येणारे तांडेवाले सांगत, तिकडं समुद्राच्या वाळूत आम्हाला एक बाई दिसली, एकटी, लाटांकडं बघत उभी. कुणी म्हणे, ती देवळात निजते, मशिदीच्या ओसरीतही निजते, आणि काहीच नसलं तर झाडाखाली. गावोगावी ज्यांच्या पाठीत उसण भरे, ते लोक तिला बोलावत. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते ना! ती हलकेच पाय लावी, भाकरी खाई आणि पुढं निघे. एका खिंडीत वाघ तिच्या बरोबरीनं चालला, तिनं त्याच्याकडं बघितलं नाही आणि त्यानं तिच्याकडं. असं म्हणतात.

पण वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास, ती हिवरदरीच्या शिवेवर यायची. पलीकडं उभी राहून गाव बघायची. कुठल्या घरावर नवं गवत चढलं, कुणाच्या दारात पाळणा बांधला. कुणी तिला ओ देत नव्हतं. फक्त येमाजीची बायको गिरजा पाण्याला आल्यासारखी यायची, भरलेला तांब्या दगडावर विसरायची आणि मागं न बघता जायची. येमाजीला ते ठाऊक होतं. तो काही बोलत नसे.

असाच एक दसरा आला. पीक उभं होतं, पाऊस परतायचा होता. दुपारची वेळ. शेतातल्या माणसांना शिवेकडून हाक ऐकू आली.

"पेंढारी आलेत! गाव सोडा!"

माणसांनी वर बघितलं. आनसा होती. केस सुटलेले, पाय रक्तानं भरलेले. पेंढारी म्हणजे घोड्यावरचे लुटारू. येत, लुटत, माणसं मारत आणि जाताना आगी लावत.  पण हाकेला ओ कशी द्यायची? पाटलाचा शब्द होता. ते एकमेकांकडं बघत राहिले. ती पुन्हा ओरडली. कुणीतरी घाबरून ढेकूळ मारलं.

तेव्हा आनसानं शीव ओलांडली. ती धावत थेट पारावर आली. पाटलानं तिला बघितलं आणि पाठ फिरवली. सगळ्या गावानं पाठ फिरवली.

आनसा त्या पाठींशीच बोलली. "ओ देऊ नका, नुसतं ऐका. मी त्यांचा तळ बघून आले. खालची वाडी जळतेय. घोडी माळावर चढलीत. दिवस मावळायच्या आत ते इथं असतील."

कुणी वळलं नाही. कुणी हललं नाही. लांब माळावर धुराची रेघ दिसायला लागली होती, ती सगळ्यांना दिसत होती.

मग बायांच्या घोळक्यातून गिरजा पुढं आली. कडेवर लेकरू. म्हणाली, "वन्सं, कुठनं जायचं?"

त्या एका शब्दानं गाव फुटलं. रडारड झाली, धावपळ झाली. पाटील वळला. त्याचा आवाज उतरला होता. "माळावर घोडी आहेत. मागं दरी. दरीत तर वाट नाही."

"आहे," आनसा म्हणाली. "गावाचा रस्ता मला बंद होता. मी दर वर्षी दरीतूनच शिवेवर चढून येते."

लोकांनी लेकरं उचलली, म्हातारी माणसं पाठीवर घेतली, गुरांची दावी कापली. दरीच्या तोंडाशी आले तर आभाळ फुटायच्या बेतात. भर दिवसा अंधारलं. पहिली वीज कडाडली तसे सगळे आनसाकडं बघायला लागले.

"माझ्या मागं या, पण लांबून," ती म्हणाली. "मी पायाळू आहे. पडली तर माझ्यावर पडू दे."

येमाजी पुढं झाला. "मी तुझ्याबरोबर चालतो."

"नाही, दादा. तू सगळ्यांच्या शेवटी राहा. कुणी मागं सुटू नये."

आनसा एकटी उतरायला लागली. पाऊस असा, की पायाखालची वाट दिसेना. एका बाजूला कडा, एका बाजूला पोकळी. येमाजी सगळ्यात वर उभा राहून माणसं मोजायचंही विसरला. त्याचे डोळे खाली, त्या एका ठिपक्यावर. आणि त्यानं बघितलं, वीज सरळ तिच्यावर आली.  

पण वीज आनसाच्या अंगावर पडली नाही. ती तिच्या पुढच्या दगडावर उतरली आणि तिथंच थांबली, समईच्या ज्योतीसारखी. आनसानं त्या दगडावर पाय ठेवला. वीज पुढच्या दगडावर गेली. आनसानं तिथं पाय ठेवला. वीज आणखी खाली उतरली. अशी वीज पुढं, आनसा मागं, आणि तिच्या मागं सगळं गाव, असे सगळे दरीच्या तळाला पोचले. येमाजीनं हे मरेपर्यंत सांगितलं.

वर घोडी आली. पेंढाऱ्यांना गाव रिकामं मिळालं. त्यांनी दरीत डोकावलं, तर वीज अजून दगडादगडावरून उतरताना दिसली. एकही माणूस घोड्यावरून खाली उतरला नाही. चार घरांना आगी लावून ते निघून गेले, असं म्हणतात.

गाव परत वर आलं. घरं उभी राहिली. पहिलं घर बांधलं ते आनसाचं, देवळाच्या शेजारी. त्यात नवा माग. बाया सकाळी तिच्या पाया पडायच्या. ती उठली की कुणीतरी उठायचं, "बाई, काय पाहिजे?" ती दारात आली की दोन गडी दारात. पाण्याला निघाली की घागर दुसरीच उचलायची. गावाचा जीव तिच्यात अडकला होता. आणि आनसाच्या पायांना पुन्हा मुंग्या यायला लागल्या.

एका सकाळी तिनं कांबळं खांद्यावर टाकलं. वेशीशी आली तर वेशीत बाभळीच्या काट्या रचलेल्या, आणि काट्यांपुढं सगळं गाव. पाटलानं डोईचं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं.

"आनसाबाई, चुकलो. हवी ती शिक्षा दे. पण जाऊ नकोस. तू गेलीस तर गावाचं दैव जाईल."

आनसाचे डोळे भरले. काठी बसली तेव्हा भरले नव्हते. "पाटील, तेव्हा तुम्ही मला रागानं अडवलं. त्यातून सुटणं सोपं होतं. आता मायेनं अडवता. आता मी कशी सुटू?"

 पण वाट कुणी देईना. बाया रडत होत्या, पोरं तिच्या लुगड्याला धरून होती. ऊन चढत गेलं. आनसा उभीच.

तेव्हा येमाजी गर्दीतून निघाला. तो काट्यांपाशी गेला आणि नुसत्या हातांनी एकेक काटी ओढायला लागला. हात फाटले, कोपरापर्यंत रक्त आलं. पाटील म्हणाला, "येमाजी, अरे, तुझी सख्खी बहीण!" येमाजी थांबला नाही. वेस मोकळी झाली तसा बाजूला उभा राहिला.

"जा, आनसे."

तिनं त्याचे हात हातात घेतले, पदरानं पुसले. मग ती गेली. त्यानंतर हिवरदरीत ती कुणाला दिसली नाही. कुठं गेली, कुठं देह ठेवला, कुणाला ठाऊक नाही. म्हणून तिची समाधी नाही, देऊळ नाही.

पण दसऱ्याला इतर गावांत पुरुष सोनं लुटायला शीव ओलांडतात, तेव्हा हिवरदरीत आधी पोरी ओलांडतात. वयात आलेली प्रत्येक पोर त्या दिवशी एकटी जाते. वेशीत बाभळीच्या काट्या रचलेल्या असतात, आणि तिचा बाप नाही तर भाऊ त्या नुसत्या हातांनी काढतो. तिच्या मागं कुणी जात नाही. संध्याकाळी ती आली, की वेशीत ऊन पाण्यानं तिचे पाय धुतात, आणि कुठं गेली होतीस असं कुणीही विचारत नाही. मग वेस लावतात.

मागं एका दसऱ्याला एक पोर परत आली नाही. पाणी तापत राहिलं. अंधार पडला. म्हातारी माणसं म्हणाली, वेस लावा, वाघाचा डोंगर आहे. तिचा बाप वेशीतच बसला होता. त्याचे हात अजून ठणकत होते. तो म्हणाला, "नको."

वेस वर्षभर उघडी राहिली. त्या वर्षी वाघ आला नाही, चोर आला नाही, असं म्हणतात. आला असता, तरी हिवरदरीनं वेस लावली नसती.