हिवरवेढ्याचा बिनचाकी गाडा

हिवरवेढे गावाच्या पूर्वेस, जिथे गावाची शीव संपते आणि घोटेवाडीची सुरू होते, तिथे ओढ्याकाठच्या कडुलिंबाखाली मरीआईचा लाकडी गाडा आहे. गाडा म्हणायचा तो सवयीने. त्याला चाके नाहीत. जू आहे, आस आहे, वर हिरवे लुगडे नेसवलेली शेंदरी मूर्ती आहे, आणि हा सगळा डोलारा जमिनीवर पोट टेकून बसला आहे. लाकूड कुजले की गावचा सुतार नवा गाडा घडवतो, आसाची टोके चाकांसाठी नीट तासून गोल करतो. चाके मात्र करीत नाही.

आषाढातल्या जत्रेला आलेला परगावचा माणूस हटकून त्याचे कारण विचारतो. देवीच्या या ठाण्याची पूजाअर्चा पाहणाऱ्या शेवंताबाईंचे उत्तर ठरलेले असते. "चाकं असती तर तुमच्या गावाला आली असती की ही. धाडू का?" पाहुणा हसतो, मग त्याचे हसू मावळते. शेवंताबाई पदर सावरून बसतात आणि सासूने आपल्याला सांगितलेली, तिला तिच्या सासूने सांगितलेली हकिगत सांगू लागतात.

मरीआई ही साथीची देवी. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की आईचा कोप झाला असे मानीत, आणि कोपलेल्या आईला घालवून द्यायचे तरी ते मानाने. तिला गाड्यात बसवायचे, हिरवा चुडा भरायचा, दहीभात आणि लिंबू ठेवायचे, आणि हलगीच्या तालावर ओढीत नेऊन शिवेपलीकडे सोडायचे. पुढचे गाव उजाडताच तो गाडा पाही. तेही तिची पूजा करी, आणि आपल्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडी. या विधीत क्रौर्य होते. पण ते इतक्या गावांनी आपसांत वाटून घेतले होते, की कुणाच्याच वाट्याला ते जाणवण्याएवढे येत नसे. गाडा कुठे न्यायचा हेही गाव स्वतः ठरवीत नसे. ते आईलाच विचारले जाई. हिवरवेढ्याच्या तिन्ही बाजूंना डोंगर; गाडीवाट एकच, घोटेवाडीकडे उतरणारी. त्यामुळे आईचे उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या एकच: "उगवतीला."

त्या काळी आई जिच्या अंगात येई, तिचे नाव राही. गावकुसाबाहेर राहणाऱ्या धोंडी पोतराजाची बायको. धोंडी हलगी वाजवी, स्वतःच्या दंडावर आसूड ओढी, आणि राहीच्या तळव्यांतून जाळ वर चढू लागे. आई निघून गेल्यावर धोंडी तिच्या पायांवर घागरभर पाणी ओती. तिचे पाय म्हणे तव्यासारखे तापलेले असत.

साथ आली त्या वर्षी राहीची एकुलती लेक हौसा माहेरपणाला आली होती. वेशीजवळच्या घरात पहिला माणूस गेला, तशी राहीने तिचे गाठोडे बांधून तिच्या हातात कोंबले.

"अगं, कालच आले की मी! एवढी का जड झाले तुला?"

"जा म्हटलं ना. सासर काय लंकेत न्हाई. घोटेवाडी तर हाय."

"ओटी तरी भर."

"पुढच्या खेपेला भरीन. मागं वळून बघू नगंस."

हौसा रागातच ओढा उतरून गेली. राहीला वाटले, लेक वाचली. गाव गाड्याला शेंदूर फासू लागले, तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपण तिला कुठे धाडले आहे.

विचारणीच्या दिवशी सारा गाव लिंबाखाली गोळा झाला. हलगी कडाडली, आसूड फुटले. राही पाटावर बसून आईची वाट पाहत होती. तळवे थंड होते. धोंडीने ताल चढवला, बायकांनी लिंबाचे डहाळे हलवले, पण आई येत नव्हती. आणि माणसे मात्र हात जोडून तिच्या तोंडाकडे पाहत होती. मग राही घुमू लागली. कसे घुमायचे हे तिच्या अंगाला पाठ होते.

"आई, कुठल्या शिवेला जाणार?" पाटलांनी विचारले.

"न्हाई जाणार. हितंच बसणार मी."

मग पाटील खाली वाकले, त्यांच्यामागे सारा गाव वाकला. आईचा शब्द मोडायचा कुणी? गाडा जागीच राहिला. धोंडीने रिवाजाप्रमाणे राहीच्या पायांवर पाणी ओतले आणि पायांवरचा हात क्षणभर तसाच ठेवला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "हौसाचे आय, आज आई आली न्हवती."

"तुमाला काय ठावं?"

"पाय गार होते तुझे."

राही चुलीतली लाकडे मागे-पुढे करीत राहिली. मग म्हणाली, "सांगणार व्हय गावाला?"

"काय सांगू? लेक माझीबी हाय," धोंडी म्हणाला, आणि त्याने हलगी खुंटीला टांगली.

त्या दिवसापासून राही शिक्षेची वाट पाहू लागली. आईचे तोंड आपण चोरले, आता आई आपल्याला ठेवणार नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. रोज सकाळी ती आधी धोंडीच्या कपाळाला हात लावी, मग स्वतःच्या. पण साथ तिच्या झोपडीला वळसा घालून गावात शिरली. सुताराचा भाऊ गेला, गुरवाची आई गेली. राहीच्या घरात कुणाला साधी उलटीही झाली नाही. घोटेवाडीहून खुशालीचा निरोप आला, तेव्हा तिने तो ऐकला आणि हातातला घास ताटात परत ठेवला. दुसऱ्यांच्या घरांतून तिच्या लेकीचे मोल जात होते, आणि हे तिला आणि धोंडीलाच कळत होते.

मग पाटलांची सून सगुणा हिचे रांगते मूल गेले. पुरायला सारा गाव गेला, आणि परतल्यावर गाडा शिवेपार नेऊन टाकायचा असे ठरले. आई म्हणो की न म्हणो. हे कानावर येताच राही भर उन्हात लिंबाखाली गेली. दगडाने ठोकून तिने आसाचे खिळे काढले आणि एक चाक ओढ्याच्या डोहाकडे लोटीत नेले. परतली तो धोंडी उभा. दुसरे चाक त्याने खांद्यावर घेतले.

गाव आले तेव्हा गाडा आजच्यासारखाच पोटावर बसला होता आणि राही त्याच्या जुवाला टेकून उभी होती.

"राहे, चाकं कुठायत?" पाटलांचा आवाज चढला.

ती उत्तर द्यायच्या आत बायकांत गलका झाला. सगुणा थरथरत होती. केस सुटलेले, डोळे लाल, दातावर दात. कुणीतरी ओरडले, "आई आली! वैनीसाबांच्या अंगात आई आली!" धोंडीऐवजी कुणी दुसऱ्यानेच हलगी बडवायला घेतली. पाटील सुनेपुढे हात जोडून उभे राहिले आणि विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडले.

"इचारू नका!" राही मध्ये आली. "पाटील, पाया पडते. तिला काय बी इचारू नका."

"बाजूला हो. आईला विचारतोय आम्ही, तुला न्हाई."

"मलाबी आई समजूनच इचारलं होतं. त्या दिशी आई न्हवती. मी बोलले. माझी लेक हाय पलीकडं, म्हणून मी बोलले." हलगी थांबली. कुणाच्या तरी हातात दगड आला. राही त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "मारा, पर आधी ऐका. हिचं लेकरू आताच मातीआड झालंय. आता ही जे बोलंल ते आई बोलंल का ते लेकरू, हे कोण वळखणार? तुमी? मी जन्मभर आई अंगावर घेतली, मला न्हाई वळखत."

सगुणा पुढे आली. ती राहीला मारणार असे सर्वांना वाटले. पण ती राहीच्या शेजारून पुढे गेली, बिनचाकी गाड्यात चढली आणि मूर्तीला पाठ लावून बसली. तिने तोंड उघडले. सारा गाव तिच्याकडे पाहत होता, पण पाटलांनी विचारले नाही. आणि कुणी विचारले नाही म्हणून तिनेही काही सांगितले नाही. हळूहळू तिची मान खाली आली.

तिच्या पायांवर पाणी घालायला कुणी पुढे होईना. राहीनेच घागर उचलली. पाणी ओतले, रिवाजाप्रमाणे पावलांवर हात ठेवला आणि काढून घेतला.

सगुणा भानावर आली होती. तिने हलक्या आवाजात विचारले, "राही, माझे पाय कसे होते गं?"

राहीने सांगितले नाही.

साथ पुढे ओसरली. ती गाडा न हलवल्यामुळे ओसरली, असे शेवंताबाई म्हणत नाहीत; आणखी माणसे गेल्यावर ओसरली, एवढेच सांगतात. घोटेवाडीत त्या वर्षी कुणी दगावले नाही म्हणे. राहीला गावाने मारले नाही, पण आई तिच्या अंगात पुन्हा कधी आली नाही. सगुणा तिच्याशी जन्मात बोलली नाही. तरी पुढच्या आषाढात गाड्याचा पहिला नैवेद्य घेऊन तीच आली. गावकुसाबाहेरच्यांच्या ओंजळीत वरून टाकण्याची तेव्हाची रीत होती. सगुणाने तो राहीच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून निघून गेली.

आजही आषाढात पहिला नैवेद्य पाटलांच्या घरची सून आणते, धोंडीच्या भावकीतली सून, म्हणजे आता शेवंताबाई, तो हातात घेते, आणि त्या वेळी दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. हलगी वाजते, बायकांच्या अंगात येते. पण हिवरवेढ्यात आईला प्रश्न विचारीत नाहीत. ती येते, घुमते, न विचारताच जाते. मग शेवंताबाई घागर घेऊन पुढे होतात, पायांवर पाणी ओततात, पावलांवर हात ठेवतात. पाय तापलेले होते की गार, हे त्या कुणालाही सांगत नाहीत.