भिवराने पेरलेल्या लाह्या

खैरसावळीच्या उत्तरेला ही टेकडी दिसते ना, तिच्यावर चढताना पायाखाली पांढरे, उकललेले खडे लागतात. हातात घेऊन पाहा, थेट ज्वारीच्या लाह्या! हल्ली सिनेमा बघताना मक्याच्या लाह्या खातात आणि त्यांना पॉपकॉर्न म्हणतात. पण आमच्याकडे लाही म्हणजे नुसता चाळा नव्हता. ती नागोबाला लागे, आजाऱ्याच्या पेजेला लागे, लग्नाच्या होमाला लागे आणि तिरडीवर उधळायलाही लागे.

फार पूर्वी इथे लाह्या-फुटाणे भाजून देणारी भिवरा नावाची भडभुंजी होती, असे सांगतात. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भट्टी हाच तिचा संसार. एकदा दोन वर्षे लागोपाठ दुष्काळ पडला. गावाने पोटाला चिमटा घेऊन दोन पोती बियाणे राखले आणि पाटलाच्या पेवात, जमिनीखालच्या धान्यकोठारात ठेवले. त्यातच रंगोजी पाटलाच्या लेकीचे लग्न निघाले. पाटलाने घरची ज्वारी भट्टीवर धाडली, पण दुष्काळाचा पोचट दाणा तापल्या वाळूत फुटेना, नुसता करपला. व्याह्यांपुढे नाक कापले जाईल म्हणून पाटलाने पेव उघडले. पोत्यातला टपोरा दाणा पाहताच भिवराने तो ओळखला.

“पाटील, ह्ये बियाणं हाय. एकदा फुटलं की उगवत न्हाई.”

“तू भाज. गावाला काय सांगायचं ते मी सांगीन.”

नाही म्हणावे तर भट्टी जाणार. तिने भाजले. मजुरीच्या टोपलीभर लाह्या मिळाल्या, त्या मात्र तिने तशाच ठेवून दिल्या. लग्न थाटात झाले. मांडवात गावाने पसा पसा लाह्या खाल्ल्या आणि यंदा दाणा कुठून आला, हे कोणी विचारले नाही.

मृगाचा पाऊस पडला तेव्हा पेव रिकामे निघाले. पाटील म्हणाला, “भडभुंजीला विचारा.” खरे काय ते साऱ्यांना ठाऊक होते, पण पाटलाशी वैर कोण घेणार? पंचांनी भट्टी फोडली आणि तिला वेशीबाहेर काढले.

जाताना भिवराने ती टोपली तेवढी उचलली. या टेकडीवर ती वाकून वाकून, तिफणीच्या रेघेत पेरावे तशी एकेक लाही मातीत टाकीत गेली. खाली उभ्या गावाला म्हणाली, “बियाणं मी खाल्लं म्हंता नव्हं? घ्या, पेरून दिलं.” मग ती गेली, ती कुठे गेली कोणालाच कळले नाही. त्या वर्षी शिवारात काही उगवले नाही आणि टेकडीवरच्या लाह्यांचे म्हणे दगड झाले.

आजही खैरसावळीत भट्टी पेटत नाही. लाह्या शेजारच्या गावाहून येतात. भिवराचा शाप आहे, असे सांगतात. अहो, कसला शाप? तिने तो दिलाच नव्हता. पण पाटलाच्या वंशातले लोक दर नागपंचमीला वर जाऊन नारळ फोडतात आणि शाप उतरू दे म्हणतात. आमचे चुकले, असे आजवर एकानेही म्हटलेले नाही.