पाठचा हात

पांघरुणं घ्या आणि ऐका. एका राजाची पाठ खाजत होती. साधीसुधी नव्हे. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथं ना वरून हात पोचतो ना खालून, तिथं. बघा, तुमचा पोचतोय का. नाही ना? तिथंच.

आता ही खाज सुटली कधी, ते सांगतो. राजाला एक धाकटी बहीण होती, ठकू. गरिबाघरी दिलेली. तिचा नवरा तापानं फणफणला, म्हणून ती राजाचा वैद्य मागायला चालत आली. राजा पाहुण्यांत बसला होता. पहारेकरी म्हणाला, “महाराज, दारात तुमची बहीण उभी आहे.” अंगावर फाटकं लुगडं, पाय धुळीनं भरलेले. राजाला लाज वाटली. तो म्हणाला, “मला बहीण नाही.”

ठकूनं ते ऐकलं, बरं का. ती वळली, आणि तिकडं राजाच्या पाठीत खाज उठली.

मग काय! राजाला बसवेना, निजवेना. प्रधान खाजवायला आला. “वर... अहो, वर! आता खाली. प्रधानजी, पाठ आहे ती, भिंत नव्हे!” हात वर गेला की खाज खाली पळायची. शेवटी डोंगरावरच्या गोसाव्याला विचारलं. तो एवढंच म्हणाला, “राजा, तुला पाठचा हात लागेल.”

राजाला वाटलं, पाठ खाजवायचा हात. मग सुतारानं चंदनाचा हात केला. लांब दांडा, पुढं पाच बोटं. ‘खाजव’ म्हटलं की आपला आपण चालायचा. पाठीला वास छान आला, खाज डावीकडं पळाली. मग कंगवे करणाऱ्यानं शिंगाचा हात केला. पाठीचं सालटं निघालं, खाज उजवीकडं. मग बांबूचा हात घेऊन एक बुरडीण आली. आली, पण हात काही पुढं करीना. म्हणाली, “रागावू नका महाराज. आमच्यात पाठचा म्हणजे आपल्या पाठीवर जन्मलेला. तुमच्या पाठीवर कोण आहे?”

राजाची मान खाली गेली.

मग तो घोडा सोडून पायी निघाला. ठकू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. कपाळ मोकळं. नवरा त्याच तापात गेला होता. राजानं अंगरखा वर केला आणि पाठ तिच्याकडं केली. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि एक हात नेमका जागेवर ठेवला. वर की खाली, विचारलंसुद्धा नाही. खाज गेली बघा!

राजा रडायला लागला. “ठकू, राजवाड्यात चल गं.”

“खाज गेली ना, महाराज?”

“दादा म्हण की.”

“मिरच्या वाळायच्यात अजून,” ती म्हणाली आणि दुसरी टोपली आणायला आत गेली. राजा उन्हात उभाच राहिला. ती काही बाहेर आली नाही.

त्या दिवसापासून राजाची पाठ कधी म्हणून खाजली नाही. रोज सकाळी तो वाट बघायचा, खाज सुटावी, म्हणजे तिच्या दारात जायला निमित्त तरी होईल. नाही सुटली.

प्रजा सुखात होती. राजाची पाठही सुखात होती.

चला, डोळे मिटा. गोदे, अजून रुसलीस? अशी भावाकडं पाठ करून झोपू नये, पोरी. वळ बघू इकडं. हां. झोपा आता.