निव्वळ करमणूक

मालिकांचे बडे निर्माते भाऊसाहेब शितोळे सेटवर कुणाचं ऐकून घेत नसत. सुनेची भूमिका करणाऱ्या इरावतीनं मात्र एकदा विचारलंच, "भाऊसाहेब, रोज सूनच सगळ्यांना वाढते आणि स्वतः मागाहून जेवते. यातून आपण लोकांना काय शिकवतो?"

"काही शिकवत नाही! ही निव्वळ करमणूक आहे. पटत नसेल तर दुसरी सून आणतो!"

इरावती डगमगली नाही. "बरं, मग उद्या सून आधी जेवेल आणि सासरे वाढतील. करमणूकच ती!"

"वेड लागलंय का?" भाऊसाहेब कडाडले. "घरोघरच्या सुना यातून काय शिकतील?"

"मीही तेच विचारत होते," इरावती शांतपणे म्हणाली.

सेटवर हशा पिकला. भाऊसाहेब ओशाळले, आणि दुसऱ्या दिवशी वरणाचा डाव सासऱ्यांच्या हाती आला.