पाच फुटक्या नळ्या

भिवाजी जिनगरांनी सरदार मानसिंगरावांसाठी शिकारीची दुनळी बंदूक घडवली. किंमत ऐकताच सरदार उसळले, "शिपायाच्या बंदुकीच्या चौपट? लोखंड तेच, लाकूड तेच! उद्यापासून तुमचा कारखाना बंद!"

भिवाजींची मान खाली गेली. महिन्यापूर्वी सून होऊन आलेली येसू दाराआडून ऐकत होती. शिकारीच्या बंदुकीची प्रत्येक नळी मामंजी झाडाला बांधत, दुप्पट दारू ठासत आणि लांबून दोरीनं उडवत, हे तिनं पाहिलं होतं. या दुनळीपायी पाच नळ्या फुटल्या होत्या. ती पदर सावरून बाहेर आली.

"सरकार, चौथाई किमतीत दुसरी हवी तर आत्ता देते. तिच्या नळ्या अशाच आहेत, फक्त उडवून पाहायच्या राहिल्यात. दारू ठासून आणते, आपणच बार काढा."

सरदारांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आणि फुटली तर?"

"पाच इथं फुटल्या, सरकार, म्हणून ही दुनळी आपल्या हातात फुटणार नाही. किंमत त्या पाचांची आहे."

सरदार ओशाळून हसले आणि पूर्ण किंमत देऊन गेले.

भिवाजींनी तरुणपणी नळी फुटून दोन बोटं उडालेला हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. "पोरी, तीस वर्षं हे मला सांगता आलं नव्हतं."

"तुमच्या हातानंच तर सांगितलं, मामंजी," येसू म्हणाली आणि पाया पडली.