टिटवीनं ओरडायचं नाही

डोंगरावर अजून माणसाची पायवाट पडली नव्हती आणि रानाचा कारभार जनावरंच बघत होती, तेव्हाची ही गोष्ट. हगवणीच्या साथीत हरणांची सात पाडसं गेली, तेव्हा रानपंचायतीनं आजाऱ्यांसाठी वेगळा दवाखाना बांधायचं ठरवलं.

जागेवरून मात्र घोडं अडलं. कोल्ह्याला तो आपल्या बिळाजवळ नको होता, साळिंदराला करवंदीच्या जाळीजवळ चालेना. शेवटी सरपंच रानगवा म्हणाला, "वर माथ्यावर कुणाचंच घर नाही. तिथंच बांधू." कोल्हा सूचक, साळिंदर अनुमोदक. ठराव एकमतानं पास झाला.

टिटवी चरकली. तिची अंडी माथ्यावरच होती, पण तिला धसका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. "अहो सरपंच, तिथं झरा..."

"बाई, शुभकार्यात तू ओरडू नकोस," रानगवा म्हणाला. "टिटवी ओरडली की अपशकुन होतो. अंडी हलव आणि गप्प बस."

बोलून बोलून सगळ्यांचे घसे सुकले होते. सभा संपताच सारे माथ्यावरच्या झऱ्यातून उतरणाऱ्या ओढ्यावर आले.

"जागा मी आधीच हेरली होती," रानगवा ऐटीत म्हणाला. "पहिला रोगी सकाळीच वर पोचवला. झऱ्यातच त्याला अंग स्वच्छ धुवायला लावलं."

एवढं बोलून त्यानं ओढ्याला तोंड लावलं. मागोमाग सगळ्यांनी लावलं.

टिटवीनं चोच उघडली. जन्मात पहिल्यांदाच तिच्या गळ्यातून आवाज फुटला नाही.